गंज काढला, नंबर गेला

माळ्यावर पणजोबांची गंजलेली बंदूक सापडली, तर पहिलं काय कराल? व्हिडिओ बघून घासायला बसाल? मीही तेच केलं. त्याची ही गोष्ट, थोडी लाजेची आणि थोडी कामाची.

सदाशिव पेठेतला आमचा वाडा गेल्या वर्षी पाडायला निघाला. बिल्डरनं जागा रिकामी करायची तारीख दिलेली, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत अख्खं खानदान माळ्यावर. तांब्याचा बंब, मोडका पाळणा, उंदरांनी संसार थाटलेली पायपेटी, पंचांगांचे गठ्ठे. सगळ्यात मागे, भिंतीला लागून, धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं. मला वाटलं पडद्याचा रॉड. ओढला तर जड लागला. धोतर सोडलं आणि काका ओरडलाच, "अरे, ही नानांची बंदूक!"

नाना म्हणजे माझे पणजोबा. मी त्यांना फक्त फोटोत बघितलंय. पगडी, काळा कोट आणि कायम कोणावर तरी चिडल्यासारखा चेहरा. आजीला मात्र सगळं आठवत होतं. "मामंजी दर खंडेनवमीला ती पाटावर ठेवायचे. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. आम्हा बायकांना हात लावायची परवानगी नव्हती," असं म्हणत तिनं पहिल्यांदा त्या बंदुकीला हात लावला. बोटं तांबडी झाली.

बंदूक ठासणीची. म्हणजे काडतूस वगैरे भानगड नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी आणि गोळी, मग गजानं ठासायचं. मागे घोडा, घोड्याखाली एक बारीक बोंडी. त्या बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि चाप ओढला की घोडा टोपीवर आपटून ठिणगी आत जाते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला दिसत होता फक्त गंज. नळीवर तांबूस पापुद्रे, घोडा जागच्या जागी जाम, लाकडी दस्त्याला वाळवीनं एका बाजूनं चाटलेलं.

आता आपल्या पिढीचा प्रॉब्लेम असा की, आपण 'रिस्टोरेशन'चे व्हिडिओ बघून मोठे झालोय. रात्री झोप येत नसली की मी तेच लावतो. गंजून लगदा झालेली कुऱ्हाड, मग ॲसिडची अंघोळ, मग तारेचा ब्रश, मग बफिंग, आणि शेवटी आरशासारखं चकचकीत काहीतरी. भारी वाटतं बघायला. दहा मिनिटांत शंभर वर्षं पुसली जातात. (त्यातल्या बऱ्याच वस्तू मुद्दाम गंजवलेल्या असतात, हेही मला नंतर कळलं. नंतर कळलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे.)

तर मी दुसऱ्या दिवशी व्हिनेगरची बाटली, रॉकेल आणि ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घेऊन गच्चीवर बसलो. नळी मांडीवर आडवी. पाऊण तासात वीतभर लांबीचा पट्टा पांढराशुभ्र चमकायला लागला. फोटो काढला, मित्रांच्या ग्रुपवर टाकला, आगीचे इमोजी आले. खाली जाऊन काकाला दाखवला. त्यानं चष्मा लावला, नळी खिडकीकडे धरली आणि विचारलं, "इथं काहीतरी लिहिलेलं होतं ना रे?"

होतं. गंजाच्या खाली काहीतरी उंचसखल आहे, हे मलाही हाताला जाणवलं होतं. मला वाटलं गंजाचेच खड्डे. आता तिथं उरले होते एक आडवी रेघ, एक '४' आणि शेजारी एक अर्धा आकडा, सहा किंवा आठ.

त्या चमकणाऱ्या पट्ट्याची खरी किंमत चार दिवसांनी कळली. बाबांना नानांच्या ट्रंकेत एक पुस्तिका सापडली. कापडी पुठ्ठा, आतली पानं पिवळी, सरकारी शिक्के. नानांचा बंदुकीचा परवाना. शेवटचं नूतनीकरण १९६४ सालचं, आणि नाना गेले १९६६ला. पुस्तिकेत शस्त्राचं वर्णन होतं: एकनळी, ठासणीची, आणि नळीवर ठोकलेला चार आकडी नंबर. हीच ती बंदूक, हे सांगणारी जगातली एकमेव गोष्ट म्हणजे तो नंबर. आणि त्यातले अडीच आकडे मी पॉलिश पेपरनं उडवले होते.

बाबा काहीच बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

कागद कुठंय?

मग घरात तीन मतं. काका म्हणाला, गुपचूप परत माळ्यावर ठेवू. माळाच पाडणार आहेत, हे त्याच्या लक्षात यायला अर्धा मिनिट लागला. आत्याच्या मिस्टरांचं म्हणणं, जुन्या बाजारात देऊन टाका, अँटिक म्हणून कोणीही घेईल. बाबांनी त्यांच्या ओळखीच्या वकीलकाकांना फोन लावला. वकीलकाकांचं पहिलं वाक्य होतं, "कुठंही विकायची नाही, कुठंही टाकायची नाही, आणि त्या पोराच्या हातातून आधी काढून घ्या."

हा कायद्याचा भाग थोडा कंटाळवाणा आहे, पण वाचा. पुण्यात वाडे पडतायत, गावाकडं घरं विकली जातायत, आणि अशी बंदूक तुमच्याही माळ्यावर असू शकते.

आपल्याकडं घरातल्या हत्याराला सरकारी कागद लागायला लागला तो इंग्रजांच्या काळात. १८७८चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. पुढं १९ वर्षांनी, २२ जून १८९७च्या रात्री, चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर पुण्यात ज्याच्या घरी बंदूक आहे त्याच्याकडं सरकार कोणत्या नजरेनं बघत असेल, याची कल्पना करा. तरी काही घरांनी परवाने काढून, शिक्के मारून घेऊन हत्यारं जपली. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा लोकांना मात्र परवान्यातून सूट मिळाली, ती आजही चालू आहे. २०१९ मध्ये केंद्रानं ती आणखी दहा वर्षांनी वाढवली. आपण कोडवा नाही, त्यामुळे आपल्याला १९५९चा शस्त्र कायदा.

हा कायदा सांगतो की परवानाधारक गेला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. वारसानं ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडं जमा करायची आणि आपल्या नावावर परवाना मागायचा. २०१६च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडं पंचवीस वर्षं असलं, तर त्याच्या हयातीतही वारसाला अर्ज करता येतो. पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडं, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडं. वय किमान २१, म्हणजे आपल्यातले निम्मे तिथंच बाद. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडं जास्तीत जास्त दोनच बंदुका राहू शकतात, वारशानं आलेली धरून.

आमच्या घरात यातलं काहीच झालं नव्हतं. १९६६ साली कोणीतरी ती धोतरात गुंडाळली, आणि पुढं साठेक वर्षं "नंतर बघू".

"पण काका, ही अँटिक आहे ना? अँटिकला परवाना लागत नाही म्हणे," मी वकीलकाकांना विचारलं. नेटवर वाचलं होतं. ते हसले. कायद्याच्या ४५व्या कलमात तशी सूट आहे खरी: कालबाह्य बनावटीचं, पुरातन मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं हत्यार. पण पुढं एक शेपूट आहे. ते हत्यार दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं पाहिजे. 'दुरुस्ती करून' हे शब्द नीट वाचा. नुसता गंज चढलाय, घोडा जाम आहे, एवढ्यानं भागत नाही. तेल घालून ती चालू होणार असेल, तर कायद्याच्या दृष्टीनं ती बंदूकच. ते कोणी ठरवायचं? आपण नाही, जाणकारानं तपासून.

आणि इथंच माझ्या पोटात गोळा आला, कारण माझ्या बॅगेत घोडा मोकळा करायला आणलेला स्प्रे होता. परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती हा वेगळा गुन्हा आहे. कलम ५, आणि शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. म्हणजे व्हिडिओतल्या त्या शेवटच्या सीनमध्ये, जिथं जुना घोडा खट्कन मागे जातो आणि कमेंटमध्ये सगळे टाळ्या वाजवतात, तिथं आपल्याकडं पोलीस केस उभी राहते. वकीलकाकांनी आणखी एक कलम वाचून दाखवलं, आठवं. बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसू नये, खोडू नये, बदलू नये. ते वाचताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

(जाता जाता: तलवारीनं केक कापून रील टाकणाऱ्यांवर पुण्यात गुन्हे दाखल होतात, हे आपण बातम्यांत वाचतोच. लग्नात हवेत बार काढला तर २०१९पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आजोबांची बंदूक हातात घेऊन डीपी ठेवायचा मोह होत असेल, तर आजोबांच्या परवान्याचा विचार करा.)

शेवटी बाबा, काका आणि वकीलकाका पोलीस ठाण्यात गेले. पुस्तिका, नानांचा मृत्यूचा दाखला, आणि एक अर्ज. त्यात माझ्या पराक्रमाचाही एक परिच्छेद. तिथल्या हवालदारसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. "भरलेली आहे का?"

भरलेली आहे का?

कोणालाच माहीत नव्हतं. ठासणीच्या बंदुकीची हीच गंमत आहे, म्हणजे गंमत नाहीच. काडतुसाची बंदूक मागून उघडून बघता येते. हिच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. पूर्वीची माणसं बार भरून ठेवायची आणि उडवायची वेळ आलीच नाही तर ती तशीच खुंटीला टांगायची. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते. २०१३च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका जुन्या तोफेचा गंज साफ करत होते. ती तोफ १७८०मध्ये बुडालेल्या एचएमएस हुसार या ब्रिटिश जहाजावरची. साफ करताना आत सापडले गोळा आणि पाऊण किलोच्या आसपास दारू. लोक रोज तिच्या शेजारून ये-जा करत होते. बॉम्ब पथक बोलवावं लागलं.

आणि मी नळी मांडीवर घेऊन पाऊण तास घासत होतो. रॉकेल शेजारी.

आमची बंदूक तपासली ती परवानाधारक गनस्मिथनं. पद्धत साधी आहे, पण ती ज्याला कळते त्यानंच करायची. नळीत गज सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचं की आतलं टोक बोंडीपर्यंत पोचलं की अलीकडंच अडलं. आमचा गज चार बोटं अलीकडं अडला. खोलीत एकदम शांतता. पुढचं काम त्यानं आम्हाला बाहेर बसवून केलं. अर्ध्या तासानं बाहेर आला तो तळहातावर मातीचा गोळा घेऊन. कुंभारीण माशीचं घर. आत कधीकाळी तिनं अंडी घातलेली, त्याच्या मागे चिंधीचा बोळा, दारू नाही. काका इतका हसला की त्याला खोकला लागला. मला हसू आलं नाही.

बंदूक जमा झाली, पावती मिळाली. परवान्याचा आणि ४५व्या कलमाचा विचार तपासणीच्या अहवालानंतर.

चकचकीत म्हणजे बरी नव्हे

मधल्या काळात मी अपराधी भावनेनं वाचत सुटलो. एका मित्राची ताई संग्रहशास्त्र शिकलेली आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी केळकर म्युझियमला जाऊन ये. शस्त्रांच्या दालनात उभा राहा आणि काय चमकत नाहीये ते बघ."

राजा दिनकर केळकर संग्रहालय, शुक्रवार पेठ, बाजीराव रस्त्याच्या आत. शाळेच्या सहलीत तुम्हीही गेला असाल आणि मस्तानी महाल बघून बाहेर पडला असाल. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे कवी. लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं नाव राजा; म्हणून संग्रहालयाला त्याचं नाव. दारोदार, गावोगाव फिरून जमवलेल्या वीसेक हजार वस्तू, आणि १९७५मध्ये सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे. म्हणजे आपल्यासारख्यांच्या माळ्यावरून ज्या वस्तू भंगारात गेल्या असत्या त्या.

तिथं जुन्या हत्यारांसमोर उभा राहिलो आणि ताईचं म्हणणं कळलं. आरशासारखं काही नाही. तपकिरी, काळपट, मंद. पण जे कोरलेलं आहे ते दिसतं. माझ्या डोक्यातलं 'रिस्टोअर केलेलं' आणि हे, यांचा काही संबंधच नव्हता.

ताईनं मग मला समजावलं ते असं. लोखंडाचा तांबडा गंज भुसभुशीत असतो, जागा जास्त घेतो, पापुद्रे सुटतात आणि आतलं लोखंड पुन्हा हवेला उघडं पडतं. म्हणून तो थांबत नाही. पण जुन्या लोखंडावर एक काळपट, घट्ट थर असतो, तो उलट संरक्षण करतो. घासताना आपण दोन्ही काढतो. त्याहून भारी गोष्ट म्हणजे, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कित्येक बंदुकांच्या नळ्या कारागीर मुद्दाम गंजवायचे. रसायन लावून हलका गंज येऊ द्यायचा, पुसायचा, पुन्हा येऊ द्यायचा, असं करत करत एक गुळगुळीत तपकिरी रंग चढवायचा. नळी चमकून शिकार पळू नये आणि पुढचा वाईट गंज धरू नये म्हणून. तो तपकिरी रंग हा बनवणाऱ्याचा रंग. आपण त्याला मळ समजतो. काही नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून बनवलेल्या असतात. त्यांच्यावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. एकदा पॉलिश पेपर फिरला की ती गेली.

नळीच्या आतला गंज हे वेगळंच प्रकरण. काळी दारू जळून उरणारी राख हवेतलं पाणी ओढून घेते. म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी नळीत गरम पाणी ओतून धुवायची आणि तेल लावायची शिस्त होती. शेवटचा बार काढून नाना कंटाळले असतील, किंवा पाहुणे आले असतील. आत खड्डे आहेत.

मग करायचं काय? म्युझियमवाले जे करतात त्याला खरं तर रिस्टोरेशन म्हणत नाहीत, जतन म्हणतात. आणि ते बघायला बिलकूल भारी नसतं. आधी सगळ्या बाजूंनी फोटो. त्यात बाजूनं तिरका टॉर्च मारून काढलेले फोटो महत्त्वाचे, कारण समोरून न दिसणारी अक्षरं तिरक्या उजेडात सावली टाकतात. (हे मी आधी केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मोबाइलचा टॉर्च! खिशात होता!) मग मऊ ब्रश. सुटलेले पापुद्रे भिंगाखाली, लाकडाच्या काडीनं किंवा शस्त्रक्रियेच्या ब्लेडनं, एकेक. पाणी नाही, व्हिनेगर तर नाहीच. ॲसिडला गंज आणि लोखंड यातला फरक कळत नाही. कधी टॅनिक ॲसिडचा हात, त्यानं उरलेला तांबडा गंज निळसर काळ्या, स्थिर थरात बदलतो. हे वाचून मला जुन्नर-आंबेगावकडचा हिरडा आठवला. हिरड्यात टॅनिन भरपूर. हिरड्याच्या पाण्यात लोखंडी खिळा टाका, पाणी शाईसारखं काळं होतं. तीच रसायनक्रिया. म्हणून हिरडा कुटून बंदुकीला लावायला जाऊ नका, एक प्रयोगवीर पुरे. शेवटी पातळ मेणाचा थर. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत यासाठी बनवलेलं एक मेण जगभरचे लोक वापरतात. सगळ्याचं सूत्र एकच: जे केलं ते उद्या कोणाला तरी उलटवता आलं पाहिजे. मेण पुसता येतं. पॉलिश पेपर उलटवता येत नाही.

घरगुती उपायांबद्दल आजीशी माझा वाद झाला. ती म्हणे खोबरेल लाव, आणि पितळी पट्टीला पितांबरी. खोबरेल काही दिवसांनी खवट होतं आणि त्यातली आम्लं लोखंडालाच खातात. पितांबरीनं पितळ लखलखेल, पण धुतलेलं पाणी पट्टीखाली शिरून तिथल्या लोखंडाला गंज धरवेल. आजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हळद-कुंकू?" खरं सांगायचं तर तेही. ओलं फूल, ओलं कुंकू रात्रभर लोखंडावर राहिलं की सकाळी खाली तांबडा डाग. नानांच्या बंदुकीच्या घोड्याजवळ तसे गोल डाग आहेत, एका रांगेत. आजी म्हणाली, "ते डाग काढू नका हं." ताईला विचारलं. तीही म्हणाली, नका काढू. तो तिचा इतिहास आहे.

कागदपत्रं ठीक असतील आणि बंदूक रिकामी असल्याची जाणकारानं खात्री केली असेल, तर घरच्या माणसानं करायचं ते इतकंच: हातमोजे, कारण घामातलं मीठ गंजाला आमंत्रण, कोरडा मऊ कपडा, शिवणयंत्राच्या तेलासारख्या पातळ खनिज तेलाचा अगदी पुसट हात, बाहेरून, चामड्याच्या म्यानात किंवा गोणपाटात न ठेवता, पुण्याच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या शेजारी. बाकी सगळं शिकलेल्या माणसाकडं. हे शिकता येतं, बरं का. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात संग्रहशास्त्राचा विभाग १९५२पासून आहे, लखनौला यासाठी केंद्र सरकारची संशोधन प्रयोगशाळा आहे, आणि आपल्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकवतातच. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात हे कळणं म्हणजे माझं नेहमीचं टायमिंग.

खंडेनवमी

नंबरचं काय झालं, हे राहिलंच. ताई म्हणाली, तो ठसा मारलेला होता की कोरलेला? ठसा हातोड्यानं ठोकतात, त्यामुळे आकड्याच्या खालचं लोखंडही दबतं. वरून आकडा घासला तरी दबलेला भाग खाली राहतो, आणि ठरावीक रसायन लावलं तर तो पुन्हा उमटू शकतो. चोरीच्या गाड्यांचे, बंदुकांचे घासलेले नंबर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत याच पद्धतीनं वाचतात. आमच्या अर्जात वकीलकाकांनी तशी विनंती जोडलीय. मी घासला तो पट्टा फार खोल गेला नसेल, अशी आशा.

पण नंबरच्या आधी एक ओळ होती. ती कोरलेली होती, ठोकलेली नव्हती. पाच-सहा अक्षरं. माझ्या पहिल्या फोटोत, चमकायला लागायच्या जरासं आधीच्या, तिची शेवटची काना-मात्रा दिसते. बनवणाऱ्याचं नाव होतं, की नानांच्याही आधीच्या कोणाचं, आजीला आठवत नाही. कोरलेलं परत येत नाही. मी त्या फोटोचा उजेड कमीजास्त करून, उलटासुलटा करून कितीदा बघितलाय. कधी 'जी' वाटतं, कधी 'वी'.

यंदाची खंडेनवमी नव्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये झाली. पाटावर विळी, अडकित्ता, काकाची टूलकिट आणि माझा लॅपटॉप. आजीनं मध्ये जागा सोडली होती. मग बाबांना हाक मारून पोलीस ठाण्याची पावती मागून घेतली, तिच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि त्या रिकाम्या जागेत ठेवली. कव्हरवर हळद-कुंकू वाहिलं. फूल मात्र बाजूला, पाटावर.